फॉरमॅट मारू नका, आधी हार्डडिस्क बघा

"लय हँग व्हाय लागलंय भाऊ, तेवढं फॉरमॅट मारून द्या." कोल्हापुरात शाहूपुरीतल्या एका गूळ अडत दुकानाचे दिवाणजी सीपीयू बगलेत धरून माझ्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात आले, तेव्हा त्यांचं मागणं एवढंच होतं. आधीच्या चार महिन्यांत दुसरीकडून दोनदा फॉरमॅट करून झालं होतं. प्रत्येक वेळी पंधरा-वीस दिवस मशीन बरं चाललं, मग पुन्हा तेच. टॅली, म्हणजे हिशेबाचं सॉफ्टवेअर, उघडायला पाच मिनिटं. मधेच माऊस थिजणार. सकाळी चालू केलं की काळ्या पडद्यावर चेकडिस्क, म्हणजे विंडोजची डिस्क तपासणी, सुरू, आणि त्यात तास-दीड तास जाणार. सौद्याचे दिवस, बाहेर हिशेबाच्या पट्टीसाठी शेतकरी बसलेले, आणि आत आकडा निघत नाही.

हा प्रकार मी इतक्यांदा बघितलाय की आता सविस्तर लिहितोच. तोच त्रास पुन:पुन्हा येत असेल तर दोष विंडोजचा असण्यापेक्षा हार्डडिस्कचा असण्याची शक्यता जास्त. आणि डिस्क आजारी असेल तर पहिलं काम तिच्यातला डेटा बाहेर काढण्याचं. दुरुस्ती, फॉरमॅट, चेकडिस्क हे सगळं त्यानंतर, आणि तेही मूळ डिस्कवर नाही.

फॉरमॅट केल्यावर काही दिवस बरं का चालतं

जुन्या पद्धतीच्या हार्डडिस्कमध्ये चकत्या फिरतात, साधारणपणे मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे. त्यांच्यावरून वाचणारं डोकं, म्हणजे हेड, चकतीला न टेकता हवेच्या पातळ थरावर तरंगतं. मधलं अंतर काही नॅनोमीटरचं. धुळीचा कण त्याच्या कित्येक पट जाड असतो. चकतीवरची जागा सेक्टरमध्ये वाटलेली असते, एक सेक्टर ५१२ बाइटचा किंवा नव्या डिस्कमध्ये ४०९६ बाइटचा.

रोजमेळाच्या वहीत शेवटी काही कोरी पानं राखून ठेवावीत, तशी डिस्कमध्येही राखीव जागा असते. एखादा सेक्टर कमजोर झाला की डिस्क त्याच्या जागी राखीव सेक्टर लावते, 'हे पान फाटलंय, पुढचं बघा' अशी नोंद ठेवते आणि काम पुढे चालू राहतं. अडचण इथंच आहे. सेक्टर वाचताच येत नसेल, तर त्यातला मजकूर डिस्क हलवणार कुठून? मग ती त्याला 'प्रलंबित' म्हणून बाजूला ठेवते आणि पुन:पुन्हा वाचायचा प्रयत्न करते. तुमचा माऊस थिजतो तो नेमका याच वेळी. एकेका सेक्टरसाठी डिस्क कित्येक सेकंद झटत असते आणि विंडोज तिची वाट बघत बसतं.

त्या सेक्टरवर नवीन काही लिहिलं गेलं की प्रश्न मिटतो. लिहिता आलं तर तोच वापरात राहतो, नाही आलं तर राखीव सेक्टर जोडला जातो. मशीन पळायला लागतं. पण आधी तिथं जे होतं ते कायमचं गेलं. फॉरमॅट करून नवीन विंडोज टाकल्यावर पंधरा दिवस बरे जातात ते यामुळे. 'बॅड सेक्टर रिपेअर' करणारी बरीच सॉफ्टवेअरही मूळात हेच करतात. सेक्टर दुरुस्त होतो, पण आतली खतावणी पुसून. हे कुणी आधी सांगत नाही, म्हणून मला ते इथं ठळकपणे सांगायचंय.

चेकडिस्कचंही तसंच. निरोगी डिस्कवर, वीज गेल्यामुळे फाइलींची यादी विस्कटली असेल तर ती उपयोगी आहे. मरायला टेकलेल्या डिस्कवर ती प्रत्येक कोपरा घासून काढते, आणि ज्या नोंदी वाचता येत नाहीत त्या तोडून टाकते. नंतर 'फाउंड डॉट झिरो झिरो झिरो' नावाच्या फोल्डरमध्ये नाव-गाव नसलेले तुकडे सापडतात. दिवाणजींच्या डिस्कवर असे दोन फोल्डर होते. सकाळी चेकडिस्क आपोआप सुरू होत असेल, तर सुरुवातीला काही सेकंद मिळतात. तेवढ्यात कुठलंही बटण दाबून ती थांबवा आणि मशीन बंद करा.

डिस्कच आजारी आहे, हे कसं ओळखायचं

एखादं ठरावीक फोल्डर उघडलं की अडकतं आणि बाकी सगळं ठीक चालतं. कॉपी एका टक्क्यावर येऊन थांबते, मग 'सायक्लिक रिडंडन्सी चेक' असा एरर येतो. ड्राइव्ह मधेच गायब होऊन परत दिसायला लागतो. ही लक्षणं पक्की समजा. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क शंभर टक्के दिसते म्हणून मात्र घाबरू नका, विंडोज १० किंवा ११ अपडेट घेत असताना चांगली हार्डडिस्कही तशी दिसते.

खात्रीसाठी क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर आहे. डिस्क स्वत:च्या तब्येतीची जी नोंद ठेवते, जिला स्मार्ट म्हणतात, ती हे दाखवतं. आकडे सुरुवातीला सोळाच्या पायावरचे दिसतात, मेनूतून दशमान करून घ्या. सगळी यादी वाचायची गरज नाही. ०५ म्हणजे बदललेले सेक्टर, सी५ म्हणजे प्रलंबित, सी६ म्हणजे तपासणीत न सुधारलेले. हे तिन्ही शून्य हवेत. सी७ वेगळा आहे, तो बहुतेक वेळा केबलचा दोष दाखवतो. बाकी शून्य आणि सी७ वाढत असेल तर डिस्कला मदरबोर्डशी जोडणारी साटा केबल बदला, दुसऱ्या पोर्टला लावून बघा. सी७चा आकडा कमी कधीच होत नाही, म्हणून आज लिहून ठेवा आणि आठवड्यानं वाढला का ते बघा. नव्या डिस्कचे पैसे वाचवणारी ही तपासणी पाच मिनिटांची आहे.

दिवाणजींच्या ५०० जीबीच्या डिस्कचा सी५ होता ३१२. ०५ मध्येही आकडा होता. वर पिवळ्या रंगात 'कॉशन' लिहिलेलं. मी पडदा त्यांच्याकडे वळवला तेव्हा ते म्हणाले, "म्हंजे अजून चालंल की. लाल कुठं झालंय?"

हा गैरसमज फार महाग पडतो. गूगलच्या संशोधकांनी २००७ साली एक लाखाहून जास्त हार्डडिस्कचा अभ्यास मांडला होता. ज्या डिस्कमध्ये स्कॅन करताना पहिला दोष सापडला, ती पुढच्या ६० दिवसांत बंद पडण्याची शक्यता निर्दोष डिस्कच्या ३९ पट निघाली. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट तेवढीच महत्त्वाची. बंद पडलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून जास्त डिस्कवर मुख्य चार धोक्याच्या खुणांपैकी एकही नव्हती. म्हणजे पिवळा दिसला तर तो खरा माना, आणि निळा दिसला म्हणून बॅकअप टाळू नका.

डेटा काढताना

सगळ्यात आधी त्या डिस्कवरून विंडोज चालू करणं थांबवा. विंडोज नुसतं चालू असलं तरी सारखं काही ना काही लिहीत असतं. डिस्क काढून दुसऱ्या चांगल्या मशीनला जोडा, शक्यतो थेट साटा केबलनं. यूएसबीचा अडॅप्टर आजारी डिस्क अडकली की वारंवार तुटतो आणि पुन्हा जोडला जातो, त्यात डिस्कचे हाल होतात. विंडोजनं 'फॉरमॅट करू का' किंवा 'इनिशियलाइज करू का' असं विचारलं तर कॅन्सल करा. या एका प्रश्नाला घाईत 'येस' म्हणून काम अवघड करून आलेली माणसं मी बघितलीत.

मी हे काम विंडोजऐवजी पेनड्राइव्हवरून चालू होणाऱ्या लिनक्समधून करतो. लिनक्सच्या प्रकारांपैकी उबंटू चालतं, सिस्टमरेस्क्यू त्याहून सोयीचं, कारण त्यात लागणारी हत्यारं आधीच असतात. डिस्क निमूट वाचली जात असेल, आवाज नसेल आणि सी५ दहा-वीसच्या घरात असेल, तर आधी सगळ्यात मोलाचं फोल्डर उचला. टॅलीचा डेटा फोल्डर असो, नाहीतर लग्नाचे फोटो. घरच्या मशीनवर डेस्कटॉप आणि डाउनलोड्स विसरू नका, लोकांची निम्मी कागदपत्रं तिथंच पडलेली असतात. त्यानंतर पूर्ण डिस्कची नक्कल. सी५ शेकड्यात असेल तर मी फोल्डर-बिल्डर शोधत बसत नाही, सरळ नक्कल सुरू करतो. कारण अशा डिस्ककडे किती तास उरलेत ते कुणालाच ठाऊक नसतं, आणि फाइली शोधताना हेड सगळ्या चकतीभर नाचत राहतं.

नक्कल करायला डीडीरेस्क्यू हे सॉफ्टवेअर वापरा. साधी कॉपी पहिल्या खराब जागेवर अडून बसते. डीडीरेस्क्यू तिथून उडी मारून पुढचं चांगलं आधी उचलतो आणि काय राहिलं त्याची नोंद मॅप फाइलमध्ये ठेवतो. वीज गेली, डिस्क गरम झाली, थांबवावं लागलं, तरी त्या मॅपवरून पुढे सुरू करता येतं. म्हणून ती मॅप फाइल वेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवा. लाइव्ह लिनक्सच्या मेमरीत ठेवली तर मशीन बंद होताच ती जाते. पहिली फेरी कमांडमध्ये मायनस एन (-n) लावून घ्या, म्हणजे खराब जागा खरवडत बसत नाही. ती पूर्ण झाल्यावर दुसरी फेरी मायनस डी (-d) आणि मायनस आर थ्री (-r3) लावून, म्हणजे राहिलेल्या जागा तीनदा वाचून बघतो.

एका गोष्टीपाशी मात्र थांबा. लिनक्समध्ये डिस्कची नावं एसडीए, एसडीबी अशी दिसतात आणि मशीन परत चालू केलं की ती बदलू शकतात. आजारी कुठली आणि नवी कुठली, हे लेबलवरच्या सिरियल नंबरशी ताडून बघा. मी कागदावर लिहितो, 'इकडून' आणि 'इकडे', आणि एंटर दाबायच्या आधी पुन्हा वाचतो. उलटं झालं तर कोरी डिस्क भरल्या डिस्कवर लिहिली जाते, आणि मग उपाय नाही. नवी डिस्क तेवढ्याच किंवा जास्त क्षमतेची हवी.

दिवाणजींची डिस्क चांगली असती तर ५०० जीबीला दोन तास पुरले असते. पहिले ७० टक्के तशाच वेगानं गेले. मग वेग सेकंदाला काही केबीवर आला. डिस्कवर टेबलफॅन लावला, यूपीएसची बॅटरी बदलली आणि दुकान बंद केलं. पुढं रात्रभर आणि दुसरा दिवसभर ती चालली, एकूण ३१ तास. शेवटी न वाचलेला भाग उरला एक एमबीच्या आतबाहेर. ऐकायला काहीच नाही, पण तो एक एमबी कुठल्या फाइलमध्ये येतो त्यावर सगळं असतं.

आता चेकडिस्क चालवा, नकलेवर. फाइली दिसत नसतील तर टेस्टडिस्क, फोटोंसाठी फोटोरेक ही सॉफ्टवेअर, तीही नकलेवरच. इथं चूक झाली तरी मूळ डिस्क आहे आणि मॅप आहे. दिवाणजींचा कंपनीचा फोल्डर उघडला, पण एक फाइल तुटकी निघाली. टॅलीच्या स्वत:च्या दुरुस्तीनं ती उघडली आणि ११ व्हाउचर कमी आली.

नव्या लॅपटॉपबाबत एक गोष्ट आधी तपासा. विंडोज ११ च्या बऱ्याच मशीनमध्ये बिटलॉकरचं कुलूप आपोआप लागलेलं असतं. नक्कल पूर्ण झाली तरी ४८ आकडी रिकव्हरी की नसेल तर आतलं काही वाचता येत नाही. ती बहुतेक वेळा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात असते. मशीन धड आहे तोवरच ती काढून कागदावर उतरवून ठेवा.

फिरत्या चकत्यांऐवजी चिपवर साठवणाऱ्या एसएसडीची गोष्ट वेगळी. ती कुरकुरत नाही, कित्येकदा एका सकाळी डिटेक्टच होत नाही. आणि ट्रिम, म्हणजे पुसलेल्या फाइलींची जागा आतून रिकामी करणारी सोय, चालू असल्यामुळे त्यातून डिलीट झालेली फाइल परत मिळण्याची आशा फार कमी.

जिथं आपण हात लावायचा नाही

डिस्कमधून ठरावीक तालात टक्-टक् आवाज येत असेल, कर्रर्र असं घासल्यासारखं वाजत असेल, बाहेरची छोटी डिस्क नुसती चिर्रर्र करून फिरत नसेल, क्षमता शून्य दाखवत असेल, तर वीज काढा. बहुतेकदा हेड तुटलेलं किंवा चकतीला चिकटलेलं असतं. त्यानंतरचं प्रत्येक मिनिट चकतीवर ओरखडे काढत असतं. अशा डिस्कवर मी सॉफ्टवेअर लावत नाही, ती स्वच्छ खोली असलेल्या लॅबकडेच पाठवावी लागते. खर्च मोठा येतो. आधी तपासणीचे पैसे किती, डेटा मिळाला नाही तर काय आकारणार, मिळालेल्या फाइलींची यादी दाखवणार का आणि मूळ डिस्क परत देणार का, एवढं विचारूनच द्या.

फ्रीजरमध्ये ठेवू नका, बाहेर काढल्यावर आत पाणी धरतं. टेबलावर आपटू नका. झाकण उघडून बघू नका. तसल्याच दुसऱ्या डिस्कचं सर्किट बोर्ड काढून लावणंही आता चालत नाही, कारण बोर्डावरच्या चिपमध्ये त्या एकाच डिस्कची मापं भरलेली असतात. चिप हलवल्याशिवाय बोर्ड निरुपयोगी. चुकून लॅपटॉपचा १९ व्होल्टचा चार्जर बारा व्होल्टच्या बाहेरच्या डिस्कला लावला आणि जळका वास आला, तर मात्र आशा असते. कित्येकदा बोर्डावरचा संरक्षक डायोडच जळून बाकी सगळं वाचवतो, आणि जाणकार माणूस तो काढून डिस्क चालू करू शकतो.

पुराबद्दल कोल्हापुरात लिहिलंच पाहिजे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये गढूळ पाण्यात बुडालेले सीपीयू ओळीनं आले. बहुतेकांनी ते उन्हात वाळवून, चालू करून बघितले होते, आणि तिथंच नुकसान झालं होतं. हार्डडिस्कला हवेसाठी बारीक भोक असतं, पाणी त्यातून आत जातं. गाळ चकतीवर वाळला की निघत नाही. बुडालेली डिस्क चालू करू नका, वाळवू नका, तांदळात ठेवू नका. ओलसर कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करा आणि तशीच लॅबकडे द्या. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीला आलं की नदीकाठच्या पेठांतल्या माझ्या ओळखीच्या दुकानदारांना मी फोन करतो, सीपीयू माळ्यावर चढवा म्हणून. ४३ फुटांच्या धोक्याची वाट बघण्यात अर्थ नाही.

डिस्क बदलली, तरी पुन्हा गेली

उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपमध्ये दोन वर्षांत तीन डिस्क गेल्या. तिसऱ्या वेळी मी डिस्क बदलायच्या आधी जागा बघायला गेलो. सीपीयू जमिनीवर, आणि भिंतीपलीकडे पॉवर प्रेस. प्रेसचा ठोका पडला की सीपीयूवर ठेवलेल्या पेल्यातलं पाणी थरथरत होतं. मालक म्हणाले, "ते तर रोजचंच आहे, त्यानं काय हुतंय?" फिरत्या चकतीवर तरंगणाऱ्या हेडला त्यानं फरक पडतो. एसएमपीएस, म्हणजे सीपीयूला वीज पुरवणारा डबा, स्वस्तातला, लोड आला की व्होल्टेज खाली येणारा. अर्थिंग नावालाच. यूपीएस होता, पण त्याची बॅटरी केव्हाच बसली होती, आणि वीज गेली की मशीन यूपीएससकट धाडकन बंद. या सगळ्यांतलं नेमकं कुठलं कारण, ते मी छातीठोकपणे सांगणार नाही. सीपीयू दुसऱ्या भिंतीला लाकडी मांडणीवर नेला, खाली रबर दिलं, एसएमपीएस आणि बॅटरी बदलली, विंडोज एसएसडीवर टाकलं. तेव्हापासून तिथल्या डिस्कचे ०५, सी५, सी६ शून्यावरच आहेत.

तुमच्याकडे असं होत असेल तर स्मार्टच्या यादीत सी० बघा. बऱ्याच डिस्कमध्ये तो अचानक वीज तुटल्याची गणती देतो. सी२ तापमान देतो, ते सारखं ५० अंशांच्या वर असेल तर पंखा आणि धूळ बघा. यूपीएस खरोखर धरतो का, हे काम सेव्ह करून भिंतीवरचं बटण बंद करून बघा. पाच मिनिटं टिकला नाही तर बॅटरी बदला.

बॅकअपसाठी दिवाणजींना मी एकच रीत लावून दिली. टॅलीचा डेटा रोज संध्याकाळी दुसऱ्या ड्राइव्हवर आपोआप जातो. शनिवारी बाहेरच्या डिस्कवर कॉपी होते आणि ती डिस्क केबल काढून घरी जाते. कायम जोडून ठेवलेली डिस्क हा बॅकअप नव्हे. व्हायरसनं कुलूप घातलं की तिलाही घालतं, आणि पूर आला की तीही बुडते. महिन्यातून एकदा ती कॉपी दुसऱ्या मशीनवर उघडून शेवटची नोंद दिसते का ते बघायचं. जगभर ३१ मार्च हा बॅकअपचा दिवस म्हणून पाळतात. आपल्याकडं त्याच दिवशी वर्षाचे हिशेब बंद होतात, त्यामुळे दिवाणजींनी भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या तारखेला खूण करून ठेवलीय.

ती ११ व्हाउचर दिवाणजींनी कागदी पट्ट्यांवरून दुपारभर बसून पुन्हा चढवली आणि हिशेबाची बाकी जुळली. जुनी डिस्क मी टाकलेली नाही. ती माझ्या कपाटात पाकिटात आहे, वर तारीख, सिरियल नंबर आणि 'नक्कल झाली, चालू करू नये' एवढं लिहून. ऑडिट पूर्ण होईपर्यंत ती तिथंच राहील. मग ते समोर उभे असताना ड्रिलनं चकत्यांना भोकं पाडून त्यांच्या हातात देणार आहे, कारण त्यात नावानिशी शेतकऱ्यांचे हिशेब आहेत.